ती मींड तुझी नाही

बोरगाव मेघे, वर्धा

प्रिय नंदिनी,

सप्रेम जयभीम. तू पाठवलेलं खोकं मिळालं. तुमच्या ऑर्केस्ट्राची शंभर वर्षांची रेकॉर्डिंग्ज, सोबत जाडजूड पुस्तिका आणि तिच्या शेवटच्या पानावर काळ्या पोशाखातली तू. बाबांनी ते पान फ्रेम करून भिंतीवर लावायला सांगितलं. लावलं मी. खिळा मात्र जरा खालीच ठोकला.

आपले ढोलकवाले तानबाकाका पेढे मागायला आले होते. त्यांच्या लेखी ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी सिनेमाची गाणी म्हणणारे लोक. बाबांनी त्यांना समजावलं, "अबे, सत्तर जनं वाजवते, अन् गात कोनीच नाई." त्यावर काका म्हणाले, "मंग लोक कायले येते?" बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी माझ्या क्लासची पोरं गेली की मी एक सीडी लावते, क्रमाने, आणि पुस्तिकेतलं आपल्या भाषेत सांगते. तुला ठाऊक असेलच, पण बाबांना नवल वाटलं. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगला माइक नव्हता. भिंतीतून एक मोठा भोंगा निघालेला असायचा आणि सगळे वादक त्याच्यासमोर दाटीवाटीने बसायचे. ज्याचा तुकडा येईल तो पुढे सरकायचा, बाकीचे मागे. खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनचा आवाज त्यात पकडलाच जायचा नाही, म्हणून त्याच्या जागी पितळी वाद्य बसवायचे. बाबांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "हे तं आपल्या पार्टीवानीच झालं ना."

खरंच होतं ते. आपल्या सेलूच्या गायन पार्टीलाही एकच माइक होता. पण त्याच्यापुढे कोण बसणार हे बाबा ठरवायचे, आणि तिथे कायम तू, त्यांची लाडकी शिष्या, व्हायोलिन घेऊन बसायचीस. मी त्यांची पोटची पोर, मी माझं व्हायोलिन घेऊन मागे, तानबाकाकांच्या ढोलकशेजारी. हिंगणीच्या भीमजयंतीची कॅसेट आमच्याकडे अजून वाजते. तिच्यात तू स्वच्छ ऐकू येतेस. मी कुठे वाजवलं ते मला माहीत आहे, म्हणून मला मी ऐकू येते. दुसऱ्या कोणाला येत नाही.

नंदे, आडून आडून कशाला बोलू, मला तुझा हेवा वाटतो. तेव्हा वाटायचा आणि आता जास्त वाटतो. मुंबईला शिकायला गेल्यावर तुला मांडी मोडून खुर्चीवर बसवलं आणि पायावर टेकवलेलं व्हायोलिन उचलून हनुवटीखाली धरायला लावलं, तेव्हा मला वाटलं होतं, येईल परत महिनाभरात. तू आली नाहीस. मग तिकडे परदेशात ऑर्केस्ट्राच्या रांगेत बसून एवढ्या जणांबरोबर एकच ओळ वाजवतेस हे कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता हिचंही वेगळं कोणाला ऐकू यायचं नाही.

पण बाबांना आलं. मागच्या आठवड्यात पाचवी सीडी लावली होती. संथ तुकडा होता. एका जागी सगळी व्हायोलिनं बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेली, अगदी आपल्या मींडेसारखी. बाबांनी हात वर केला आणि मला थांबवलं. "पाह्य, हे नंदिनीच. माह्या हातची मींड हाय थे." आणि ते रडले. आई गेली तेव्हा रडले होते, त्यानंतर आत्ता. तेव्हापासून रोज पाचवीच लागते. अलीकडच्या सीड्या त्यांना कोरड्या वाटतात.

अगं, तुला तिथे लागून तीन वर्षं झाली. पाचवी सीडी आपल्या आज्या परकरात होत्या तेव्हाची आहे. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की त्या काळी तिथले वादक असेच घसरत वाजवायचे, पुढे ते जुनाट ठरलं आणि बंद झालं. तूच फोनवर म्हणाली होतीस की बाबांची मींड हातातून काढायला तुला वर्ष लागलं. म्हणजे आता ती तुझ्याकडे नाही. ती राहिलीय एकीच्या हातात. ती दर रविवारी विहारात वाजवते आणि बाबांना दोन वेळा चहा करून देते. बाबांनी ऐकला माझा हात आणि नाव घेतलं तुझं.

कितीदा ओठांवर आलं होतं. पण मी सांगितलं तर ते म्हणतील, पोरगी जळते. आणि ते खोटंही नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. रविवारी बाबा तुला फोन करणार आहेत. त्यांचं व्हायोलिन त्यांना तुझ्याकडे पाठवायचंय. नागपूरहून आणलेलं, जे ते मला अजून पुसूसुद्धा देत नाहीत. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलंय, आणि पार्सलमध्ये वाटेत फुटणार तर नाही ना, हे ते मलाच विचारतात. नंदे, तू नको म्हण. तुझ्याकडे याहून चांगलं आहे. आणि नको म्हणायच्या आधी त्यांना सांग की पाचव्या सीडीत तू नाहीस. तुझ्या तोंडून त्यांना पटेल. माझं नाव घेऊ नकोस, मी पत्र लिहिलं हेही सांगू नकोस. मग ती मींड कोणाच्या हातची, हे त्यांचं त्यांना आठवू दे. मी स्वयंपाकघरातच असेन. तू नाकारलंस म्हणून ते मला मिळालं, हे मला जन्मभर माहीत राहील. तरी मला ते हवंय.

अजूनही तुझीच,
ढोलकशेजारची मेघा