तपासून नेलेलं दुखणं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर गोळ्या घेतोयस, झोप लागते, छापखान्यात पुन्हा मुद्रितं तपासायला जातोस, हे वाचून जीव भांड्यात पडला. मग आता दर गुरुवारी त्या समुपदेशक बाईंकडे कशाला खेटे घालायचे? बोलायचंच तर मी काय मेले आहे का? लहानपणापासून तुझी बडबड मीच ऐकत आलेय. इकडे शिवणकामाने मान मोडून येते, बाकी ठीक.

न विचारता सल्ले देणारी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझा सल्ला डॉक्टरांच्या कानावर घातला. ते हसले. दुखणं एवढं खोल असलं की औषध आणि बोलणं दोन्ही लागतं, म्हणाले. गोळ्याही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं बजावलं.

आता माझा शहाणपणा ऐक. बाईंना काय सांगायचं ते मी आदल्या दिवशी लिहायचो, चुका काढायचो आणि सुवाच्य अक्षरात उतरवून तिथे वाचून दाखवायचो. तीन गुरुवार त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी कच्चा कागद आणा. त्यात एक ओळ गिचमिड खोडलेली होती. तीच त्यांनी वाचायला सांगितली. वाचली आणि ढसाढसा रडलो. महिन्यापूर्वी तेवढंही त्राण नव्हतं, ते गोळ्यांनी आलं.

लोभ आहेच, तो राहू दे.
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी जोडून बसले. बाईंकडे जात राहा, मी माझे शब्द मागे घेते. ती ओळ कोणती होती? रागावणार नाही. सांगावंसं वाटलं तरच सांग.

वाट पाहणारी,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

ओळ अशी होती: मी नसलो तर ताईची एक काळजी कमी होईल.

खोडली ती चुकीची वाटली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. तेव्हा मला त्यात एकही चूक सापडली नव्हती. आता ती खोटी आहे हे कळतं. रोज नाही, पण बहुतेक दिवशी कळतं. गोळ्या चालू आहेत, गुरुवारही चुकवत नाही. ज्या दिवशी कळणार नाही, त्या दिवशी पत्र लिहीत बसणार नाही, तुला फोन करीन. हातात कितीही काम असलं तरी उचल.

तुझाच,
धाकटा