फौजदाराची तब्येत

४ जानेवारी, रविवार

दहा वाजता लेकीचा फोन आला. अकरा मिनिटं बोलली. त्यातली नऊ मिनिटं माशाबद्दल!

खातोय का, पोहतोय का, पाणी गार पडलं नाही ना. मग "बरं आहेस ना?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय." मग ठेवला.

मासा तिचा आहे. निळा, बोटाएवढा, अंगापेक्षा पर मोठे. फायटर म्हणतात याला, दुकानात बेटा म्हणतात. काचेपुढे बोट धरलं की कल्ले फुगवून अंगावर येतो, म्हणून लेकीने नाव ठेवलं फौजदार. चार महिन्यांपूर्वी ती नोकरीला लांब गेली. तिथल्या वसतिगृहात कुंडीसुद्धा ठेवू देत नाहीत, तर मासा कुठला. म्हणून तो माझ्या गळ्यात.

ती जाताना मी म्हणाले होते, "जा. माझं कुणावाचून अडत नाही." दारात, बॅग उचलता उचलता. तिने ऐकलं आणि गेली. तेव्हापासून दर रविवारी दहाला फोन, आणि तो माशासाठी. मी आपणहून कधी करत नाही. गेली ती आहे, मी नाही.

८ जानेवारी, गुरुवार

टाकी धुतली. तिसऱ्या दिवशी धुतेच. मासा वाडग्यात काढायचा, पाणी सगळं ओतायचं, खडे उकळायचे, झाड चोळून धुवायचं, फिल्टरचा स्पंज गरम पाण्याखाली ब्रशने घासायचा. तो तर कसला बुळबुळीत झालेला असतो! पांढरा होईपर्यंत सोडत नाही.

सव्वीस वर्षं इस्पितळाची हत्यारं निर्जंतुक करतेय. कात्र्या, चिमटे, सुया. धुवायचं, वाळवायचं, गुंडाळायचं, वाफेच्या यंत्रात घालायचं. पाकिटावरची पट्टी काळी झाली की माल पास. माझ्या हातून एक पाकीट परत आलेलं नाही. कात्रीला जे मिळतं ते फौजदाराला मिळायलाच हवं.

लेक एक कागद लिहून गेलीय. टाकीमागे चिकटवलाय. "आठवड्याला पाव भागच पाणी बदल. स्पंज हलकेच पिळ, नळाखाली धरू नकोस." पाव भाग! म्हणजे तीन भाग घाण तशीच ठेवायची. पोरगी लहानपणापासून आळशी. आंघोळीचाही कंटाळा.

११ जानेवारी, रविवार

फोन. आठ मिनिटं.

१३ जानेवारी, मंगळवार

फौजदार तळाशी बसून आहे. बोट दाखवलं, तर नुसतं बघितलं. परांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. काल नव्हत्या? का मीच बघितलं नाही?

टाकी पुन्हा धुतली.

१५ जानेवारी, गुरुवार

खात नाही. दाणा तोंडासमोरून खाली गेला तरी हलला नाही. रंग उतरलाय. कडा पांढुरक्या. पुन्हा सगळं पाणी बदललं, खडे दोनदा उकळले. याहून स्वच्छ काय करू?

कामावर चित्त नव्हतं. ऑपरेशनवाली सिस्टर म्हणाली, "काय हो ताई, आज पाकिटांवर तारीख कालची?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. सिस्टर हसली. मी नाही हसले.

१७ जानेवारी, शनिवार

माशांच्या दुकानात गेले. लेक तिथलीच गिऱ्हाईक. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर, बोलणं तिरकस. मी सगळं सांगितलं, कसं धुते, किती वेळा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, खडे उकळता तसा मासाही उकळायचा. कायमचा निर्जंतुक झाला असता."

मग स्टूल दिलं आणि नीट समजावलं. माशाची घाण पाण्यात विरते आणि तिचं विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात, चांगले. ते राहतात त्या बुळबुळीत स्पंजात आणि खड्यांवर. मी दर तिसऱ्या दिवशी त्यांचा निकाल लावत होते. वर नळाचं ताजं गार पाणी, त्यात नळाचं औषध, क्लोरीन. त्या एवढ्याशा जिवाला दर वेळी नवा धक्का. "अति तिथे माती, बाई. तुमचा मासा घाणीने आजारी नाही. स्वच्छतेने आजारी आहे."

मी तिथेच मान खाली घातली. जंतू मारायचे, एवढंच मला येतं. आणि हे सगळं पोरीने चार ओळींत लिहून ठेवलं होतं, माझ्याच भिंतीवर.

बदामाच्या झाडाचं वाळकं पान दिलं, पाण्यात टाकायला. पाणी गरम ठेवणारी कांडी दिली, नळाचं औषध मारणारे थेंब दिले. दुसऱ्या टाकीतलं काळा-चिकट स्पंजाचा तुकडा दिला, विरजणासारखा. पिशवीत घालताना मला शिसारी आली, पण आणला.

निघताना बघितलं. फळीवर एका बरणीत निळा फायटर. तोच निळा. तेवढाच.

१८ जानेवारी, रविवार

फोन. "फौजदार कसा आहे?"

"मजेत."

"दाखव की कॅमेऱ्यात."

"चार्जिंग संपत आलंय गं."

सहा मिनिटं. आता लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मासा गेला तर हा फोनही जाईल. कशासाठी करेल ती? माझ्यासाठी? मला कुणाची गरज नाही, हे मीच तर सांगितलंय. ती आज्ञाधारक पोर आहे.

१९ जानेवारी, सोमवार

कामावरून थेट दुकानात. बरणीसमोर उभी राहिले. जुना गेलाच तर हा घालायचा, कॅमेऱ्यात कोण ओळखतंय. दुकानदाराने विचारलं, "काढू का?" मी "नको" म्हटलं आणि बाहेर पडले.

घरी आले तर फौजदार पानाखाली आडवा. कल्ले हलत होते. त्याला बघून मला माझीच लाज वाटली. तो अजून मेला नव्हता आणि मी त्याची जागा भरायला गेले होते.

लेकीला निरोप टाकला. तीनदा लिहून पुसला, मग टाकला. "फौजदार आजारी आहे. चूक माझी. तुझा कागद मी मानला नाही."

दोन मिनिटांत फोन वाजला. सोमवारी! मला वाटलं आता बोलणी बसतील. तिने फक्त विचारलं, "पाणी किती गरम आहे? बघ आणि सांग." मग एकेक करून सगळं सांगितलं, हळू, जशी मी कामावरच्या नवीन बायकांना शिकवते तशी. शेवटी म्हणाली, "उद्या संध्याकाळी सातला करते. काय होतं ते सांग."

२१ जानेवारी, बुधवार

रोज एक तांब्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून थेंब घातलेलं एक तांब्या घालायचं. बस. बाकी हात लावायचा नाही. बदामाच्या पानाने पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. काचेवर शेवाळ धरतंय. माझे हात शिवशिवतात. फडकं उचलते आणि परत ठेवते.

सातला फोन. वीस मिनिटं.

२४ जानेवारी, शनिवार

अजून खात नाही. पण कडा पुढे सडलेल्या नाहीत. लेक म्हणते हेसुद्धा चांगलं.

आज माशाचं बोलून झाल्यावर तिने ठेवला नाही. तिच्या वरच्या बाईंबद्दल सांगत बसली. केलेलं काम चार लोकांसमोर परत टाकतात म्हणे. मी म्हटलं, "तू काय म्हणालीस?" म्हणाली, "काही नाही. खोलीत येऊन रडले." हे तिने मला सांगितलं. मला! मी तिला सांगितलं की पहिल्या वर्षी ऑपरेशनवाल्यांनी माझी अख्खी ढकलगाडी पाकिटं परत पाठवली होती आणि मी यंत्राच्या मागे जाऊन रडले होते. तिला हे माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वरती तर मीच लिहिलंय की एक पाकीट परत आलं नाही म्हणून.

एकेचाळीस मिनिटं.

२७ जानेवारी, मंगळवार

खाल्लं! एक दाणा, मग दुसरा. तिसरा मी दिला नाही. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, असं कागदावर लिहिलंय. परांच्या कडेला काचेसारखं पातळ काहीतरी फुटतंय, नवा पर. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते.

सातला फोन. "कसा आहे?"

मी म्हटलं, "तसाच."

का म्हटलं? तोंडातून गेलं खरं. बरा झाला म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, छान, रविवारी बोलू. रविवार म्हणजे पाच दिवस. मला पाच दिवस काढता आले नसते.

२८ जानेवारी, बुधवार

"आज जरा मलूल वाटतो." अडतीस मिनिटं. ती थंडीत मोजे घालत नाही. तिला चार वर्षांची असल्यापासून सांगतेय.

३० जानेवारी, शुक्रवार

खोटं बोलायचं म्हणजे रोज नवीन लक्षण शोधावं लागतं. आज आयतंच सापडलं. टाकीच्या कोपऱ्यात वर फेस धरलाय, बारीक बारीक बुडबुडे. चमच्याने काढला, दुपारी घरी जेवायला आले तर पुन्हा. फोनवर सांगितलं, "वर फेस येतोय गं. दोनदा काढला, परत येतो. मला काही लक्षण ठीक दिसत नाही."

तिने फेस कसा दिसतो ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, "काढू नकोस. असू दे." आणि मग, "तू जेवलीस का आई?"

घाबरवलं मी तिला. बरं नाही वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टरने पकडलं. "हल्ली ताई साडेसहाला कशा पळतात! आधी हाकलावं लागायचं. कोण आहे?" मी म्हटलं, "फौजदार आहे एक." सगळ्या बायका खिदळल्या. दिवसभर तेच चाललं होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बोट धरलं. अंगावर आला, कल्ले फुगवून, सगळे पर ताणून. इतका देखणा दिसला! कुणाला सांगू? ज्या एकीला सांगायचं तिला सांगता येत नाही.

तिला सांगितलं, "आज दुखणं जरा कमी आहे." आजाऱ्याचं बरं होणं मी थेंबाथेंबाने देते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. पण फोन लागल्या लागल्या तीच म्हणाली की वरच्या बाईंना तिने आज उत्तर दिलं, शांतपणे, सगळ्यांसमोर. "तू सांगितलंस तसं." मला आठवेना मी काय सांगितलं होतं. पण ऊर भरून आला. मग मासा राहिलाच.

पोरीला फसवतेय मी. तिथे ती दमून येते आणि जेवायच्या आधी आईच्या नाटकाला फोन लावते. हे काही चांगलं नाही. कळतंय, वळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

"कसा आहे?" "आहे." पन्नास मिनिटं.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळचा फोन हल्ली नसतो, सातचाच असतो. दुपारी दाणे आणायला दुकानात गेले. सहज फेसाचं विचारलं, अजून येतो म्हणून. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, ते घरटं आहे. नर धडधाकट असला, पाणी मानवलं, की तोंडाने एकेक बुडबुडा लावून बांधतो. आजारी मासा कुठलं घर बांधतोय? तुमच्या मुलीला विचारा. तिच्या पहिल्या माशाने बांधलं तेव्हा दुकानात नाचत आली होती."

म्हणजे तिला तीस तारखेलाच कळलं. त्यानंतर आठ दिवस रोज सातला तिने विचारलं, "कसा आहे?"

आत्ता चार वाजलेत. सातपर्यंत थांबत नाही. आज मीच लावतेय.