विशेष आभार : मादाम फोर्तुने

२ सप्टेंबर, सोमवार

तीस वर्षं ज्याची नाडी पाहिली, त्याच सुलतानाला हकिमाने विष का दिलं असेल?

मुलाखतीतला हा पहिलाच प्रश्न. मी प्रामाणिकपणे सांगितलं, मला उत्तर देता येत नाही. चार वर्षं इतिहास शिकले, पण असं विष दिल्याचा एकही कागद मी पाहिलेला नाही. मुख्य लेखक नेजात बे (म्हणजे नेजातसाहेब) खूश झाले. म्हणाले, कागद नाही म्हणजे आपण मोकळे, उद्यापासून या.

'तख्ताची सावली' या सीरियलची मी इतिहास सल्लागार! गावी, चोरुमला, बाबांना फोन केला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी माझं सर्टिफिकेट फुटाण्यांच्या दुकानात तागडीच्या वर टांगलंय. गिऱ्हाईक फुटाणे मागतं आणि बाबा आधी सर्टिफिकेट वाचून दाखवतात.

संकल्प : या सीरियलमध्ये एकही खोटी गोष्ट जाऊ देणार नाही. एकही.

३ सप्टेंबर, मंगळवार

नव्या सीझनच्या पहिल्या भागाची स्क्रिप्ट वाचली. हकीम दावूद यहुदी आहे. तळघर, मेणबत्त्या, बारा यहुदी, भिंतीवर जगाचा नकाशा. दावूद नकाशात सुरी रोवतो आणि हसतो. सत्ताविसाव्या पानापर्यंत चार वेळा हसतो.

नेजात बेंना स्पष्ट म्हटलं, हा द्वेषाचा प्रचार आहे. ते म्हणाले, होजाम, गेल्या सीझनला खलनायक व्हेनिसचे ठेवले होते, लोकांना वाटलं टूरिस्ट आलेत. यहुदी म्हटलं की लोकांना काही समजावून सांगावं लागत नाही.

इथे सगळे मला 'होजाम' म्हणतात, म्हणजे गुरुवर्य. एवढा मान! (चहावाल्यालाही म्हणतात. पण ते गमतीने असणार.)

राजीनाम्याचा विचार केला. पूर्ण दहा मिनिटं केला. पण बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? आत राहूनच बदल घडवायचा.

१० सप्टेंबर, मंगळवार

मोठं यश! नकाशात अमेरिका होती. त्या काळी अमेरिका कुणाला ठाऊकच नव्हती, हे मी पुराव्यानिशी दाखवलं. अमेरिका पुसली. जग ताब्यात घेण्याचा कट आता भूगोलाच्या दृष्टीने निर्दोष आहे.

शिवाय बारा यहुद्यांचे सात केले. (तळघराचा सेट लहान आहे, हेही एक कारण.) 'यहुदी साप' यातला 'यहुदी' काढला. म्हणजे निम्मा द्वेष कमी झाला. आठ दिवसांत निम्मा! हा वेग राहिला तर नाताळच्या आत सीरियल स्वच्छ.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मी भाड्याने राहते ती मागची खोली मादाम फोर्तुने अल्फांदारी यांच्या घरातली. वय एक्क्याऐंशी. बावन्न वर्षं इथेच, इस्तंबूलच्या कुर्तुलुश भागात. पूर्वी बायकांच्या टोप्या शिवायच्या. स्वतः यहुदी. पण अगदी आपल्यासारख्याच आहेत, हे मी सगळ्यांना मुद्दाम सांगते.

आज माझ्या हातून त्यांचा चहाचा ग्लास फुटला, त्यांच्या आईच्या जपून ठेवलेल्या सहा ग्लासांतला नव्हे, साधा. मादाम टाळी वाजवून म्हणाल्या, कपारा! मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, अगं पोरी, तुझ्यावर जे यायचं होतं ते ग्लासाने घेतलं. इडापिडा टळली. आता केरसुणी आण.

किती सुंदर शब्द! लगेच टिपून घेतला. विचारलं, हा आमच्या सीरियलमध्ये वापरू का? त्या म्हणाल्या, त्यात आमचंही कुणी आहे की काय? म्हटलं, आहे, हकीम आहे. मादामचा चेहरा असा फुलला! डॉक्टर? म्हटलं, हो, सुलतानाच्या अगदी जवळचा, शिकलेला, सात भाषा येतात. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्यांनी सेटवरच्या लोकांसाठी कांद्याच्या सालीत रात्रभर शिजवलेली तपकिरी अंडी दिली. डझनभर. म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरला आधी दे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अंडी नेजात बेंना भलतीच आवडली. आता दावूद कट रचताना तपकिरी अंडं सोलतो. क्लोज-अप. नखं जरा वाढवली आहेत.

मी एक चांगली यहुदी व्यक्तिरेखा सुचवली : दावूदची भाची राशेल, प्रामाणिक, शूर. लगेच मान्य! उगाच लोक म्हणतात की हे ऐकत नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार

राशेल तिसऱ्या भागात मरते. मामाच मारतो. त्याने दावूदच्या व्यक्तिरेखेला खोली येते, असं नेजात बे म्हणाले. खोली मीच मागितली होती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज तो सीन झाला. सुलतानाच्या आधी सरबत चाखणारा नोकर तडफडून मरतो, दावूद पेला उचलतो आणि म्हणतो : कपारा. दावूदचं काम करणारे नट मला विचारायला आले, होजाम, नेमकं कसं म्हणायचं? मी शिकवलं. शेवटचा 'रा' लांबवायचा, मान थोडी तिरकी, अगदी मादाम म्हणतात तसं. सेटवर टाळ्या. नेजात बे म्हणाले, पोरी, तू सोनं आणलंस.

माझ्या टिपणात अर्थ लिहिला होता : 'मोठं संकट टळावं म्हणून झालेलं लहान नुकसान.' नोकर लहान, सुलतान मोठा. तसं पाहिलं तर अर्थाला धक्का लागलेला नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला भाग आठ वाजता. मादामनी शुक्रवारच्या मेणबत्त्या लावल्या, चिजाच्या करंज्या केल्या, आईचे ते सहा ग्लास काढले. डॉक्टर कधी येतो, म्हणून तीनदा विचारलं. डॉक्टर आला. 'कपारा' आला तेव्हा मादामनी हातातला ग्लास खाली ठेवला, अगदी हळू, जपून.

शेवटी माझं सरप्राइज! श्रेयनामावलीत मी लिहवून घेतलं होतं : 'विशेष आभार : मादाम फोर्तुने अल्फांदारी, कुर्तुलुश, इस्तंबूल.' स्रोत सांगताना नाव आणि ठिकाण नेमकं द्यावं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

मादामच्या तोंडून शब्द फुटेना. आनंदाने माणूस असा मुका झालेला मी प्रथमच पाहिला. करंज्या तशाच राहिल्या. मी चार खाल्ल्या.

७ ऑक्टोबर, सोमवार

'कपारा' देशभर गाजतोय! पोरं एकमेकांना ढकलून म्हणतात. फुटबॉलवाले म्हणतात. बाबांचा फोन : दुकानात कुणी फुटाणे सांडले की सगळे ओरडतात, कपारा! मग बाबांनी विचारलं, हुमेयरा, ही माणसं खरंच अशी असतात का गं? म्हटलं, बाबा, ते नाटक आहे. बाबा म्हणाले, ते झालं, पण खाली तुझं नाव होतं ना? तू शिकलेली. खोटं असतं तर तू नाव दिलं असतंस का?

बाबांचा माझ्यावर केवढा विश्वास आहे! डोळ्यांत पाणी आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खालचा भाजीवाला रमीझ चाळीस वर्षं मादामची पिशवी तिसऱ्या मजल्यावर आणून देतो. आज म्हणाला, मादाम, वर येतो खरा, पण सरबत विचारू नका हं! सगळे हसले. मादामही हसल्या. मोकळा, निरोगी विनोद. याच मिश्किलपणावर आपलं शहर टिकून आहे.

मादाम पिशवी न घेताच वर आल्या. भाजी काही केली नाही.

घरातला जुना फोन दिवसभर वाजतो. उचलला की कुणीतरी म्हणतं, कपारा, आणि ठेवतं. चौदा वेळा. आपला शब्द घरोघरी पोचलाय, एवढं तरी मादामना दिसत असेल.

जेवताना म्हणाल्या, पोरी, तुझी नोकरी, तुझा डॉक्टर, तुझं तू बघ. फक्त माझं नाव काढ. एवढंच मागते. मला या घरात मरायचंय, दुसरीकडे कुठे नाही.

वचन दिलं. सोमवारी पहिलं काम हेच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज नेजात बेंनी सगळ्यांसमोर सांगितलं, होजाम आता लेखकांच्या टेबलावर बसणार. केक आणला होता. अशा वेळी तक्रार काढणं बरं दिसलं नसतं. गुरुवारी नक्की.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नेजात बेंचा मूड नव्हता.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मादामच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने 'कपारा' लिहिलं. फार वाईट वाटलं. पण स्पेलिंग बरोबर होतं. पहिल्या भागात पडद्यावर खाली या शब्दाची अक्षरं चुकीची आली होती, ती मी भांडून दुरुस्त करून घेतली, त्याचा हा परिणाम. सीरियलमधून लोक शिकतात ते असं.

मादाम स्टुलावर चढून रॉकेलने दार पुसत होत्या. मी केली असती मदत, पण साडेनऊला लेखकांची बैठक होती. जाताना सांगितलं, स्टूल डुगडुगतंय, सांभाळून.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, नाव काढलंस? म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मादाम इझमीरला भावाकडे जाताहेत. कायमच्या. मी खूप समजावलं. म्हटलं, मादाम, पळून जाऊ नका, अशाने द्वेष करणाऱ्यांचं फावतं. इथे राहून लढायला हवं. मी आत आहे ना! त्यांनी पेटीची दोरी आवळून बांधली. मग म्हणाल्या, हो, तू आत आहेस.

मला पटलं की त्यांना पटलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

तुर्की प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. पण डोक्याला सुट्टी नाही. शेवटच्या भागात सुलतान मरताना विचारतो, दावूद, मी तीस वर्षं तुझ्यावर विश्वास ठेवला, मग का? नेजात बे म्हणाले, हे उत्तर तू लिही, मुलाखतीत तुला आलं नव्हतं. दिवसभर बसून लिहिलं : 'काही कारण नव्हतं, मालक. तुम्ही जवळ होतात आणि मला पुढे जायचं होतं.'

फोनवर वाचून दाखवलं. नेजात बे म्हणाले, अंगावर काटा आला, हे तुला सुचलं कुठून? कल्पनाशक्ती, दुसरं काय.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

मादाम गेल्या. भावाचा मुलगा गाडी घेऊन आला होता. ग्लास कागदात गुंडाळताना सहातला एक त्यांच्या हातून सुटला. मी वाट पाहिली. शेवटी सवयीने मीच म्हटलं, कपारा! मान तिरकी झाली, 'रा' लांबला. म्हणताना लक्षात आलं की मी आता ते दावूदसारखं म्हणते.

मादामनी काचा सुपलीत भरल्या, एक तुकडा कपाटाखालून काढायला गुडघ्यांवर बसल्या. मी केरसुणी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. दारातून एवढंच म्हणाल्या, फोन वाजला तर उचलू नकोस.

किती काळजी करतात माझी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिलेला शब्द मी पाळते. आज सकाळी साडेनऊला मादाम फोर्तुनेंचं नाव काढून टाकलं. नामावली बनवणाऱ्या मुलीला फोन केला, ती म्हणाली, झालं होजाम, आणखी काही? दोन मिनिटंही लागली नाहीत.

ओळ मोकळी राहिली तर विचित्र दिसेल, असं ती म्हणाली. म्हणून तिथे लिहायला सांगितलं : 'यहुदी भाषा व चालीरीती सल्लागार : हुमेयरा सोयदान.'

ठिकाण घातलं नाही.