वाऱ्याने वाटलेले पत्रे

तीर्थरूप क्लोटिल्डा मावशीस,

दंडवत. तुझा गुडघा काय म्हणतो? मी धडधाकट आहे. छपराबद्दल मात्र तसे लिहिता येत नाही.

आफ्रिकेच्या बाजूने निघालेली ही वावटळ (देवमाशाला झिंगा म्हणावे तसे हे झाले) वाटेत कोमट समुद्राची वाफ पिऊन पिऊन फुगली आणि नेमकी आमच्या डॉमिनिका बेटावर चढली. पहिला वारा उत्तरेचा. त्याने माझे सगळे पत्रे पत्त्यांसारखे उचलून खालच्या अंगाला, शेजारच्या युफेमियाबाईंच्या रताळ्यांत नेऊन टाकले. मग एकाएकी सारे शांत. वर निळे आभाळ, भोवती ढगांची भिंत: वादळाचा डोळा. शहाणी माणसे अशा वेळी घरात बसतात. मी पत्रे मागायला गेलो.

बाई कुंपणाला टेकून म्हणाल्या, "गेल्या शनिवारी बाजारात तुम्हीच गरजलात ना, निसर्ग जे वाटतो त्यावर कुणाची मालकी नाही म्हणून? मी तर टाळ्याही वाजवल्या."

(टाळ्या वाजवणाऱ्यांपासून वक्त्याने जपून असावे.) मी तिथेच मालमत्तेच्या पावित्र्यावर बोलू लागलो. ग्रीक, रोमन, बायबल, सगळे बाहेर काढले. समोरच्या चर्चमध्ये आसऱ्याला बसलेले लोक दारात आले, तसा मला आणखी चेव चढला. बाईंचे म्हातारे वडील एवढेच म्हणाले, "पोरा, वारा दम खातोय. तूही खा." मी खाल्ला नाही.

मग वारा उलटला, दक्षिणेचा झाला. मी रांगत घर गाठले. माझे पत्रे आपल्या पायाने यावेत तसे अंगणात परत आले, पाठोपाठ बाईंचे पत्रे, त्यांचे घंगाळ, दोन कोंबड्या आणि शेवटी वडिलांना ओढत स्वतः बाई. आम्ही तिघे माझ्या जाडजूड टेबलाखाली शिरलो.

"आता बोला, वक्तेमहाराज," बाई म्हणाल्या. "ह्या कोंबड्या कुणाच्या?"

मी "निसर्ग जे वाटतो" एवढेच म्हणालो, आणि म्हातारा असा हसला की टेबल हलले. मावशी, मी भूमिका बदलली नाही. दिशा वाऱ्याने बदलली.

तुझा,
फर्डिनांड

ता. क. कुणाचा पत्रा कोणता, आता ओळखू येत नाही, आणि सरळ राहिलेले सगळे मिळून एकाच घरापुरते आहेत. लग्न म्हणजे गुलामगिरी, हे माझे भाषण तुला पाठ आहे. ते विसर, आणि रविवारी येऊन म्हातारबांकडे माझ्यासाठी शब्द टाक.

ता. ता. क. छप्पर बाईंच्याच घरावर चढणार. या मुद्द्यावर त्यांनी चर्चा नाकारली. मी एकमताने मान्य केले. येताना लांब खिळे आण. आफ्रिकेकडून दुसरे वादळ निघाले आहे.