जिन्याच्या वळणावरचा पुरावा

आडदांड दादास,

हा शब्द माझा नाही. तुला शाळेतून काढताना रजिस्टरात शेरा मारला होता, 'स्वभावतःच आडदांड. मुलीला जिन्यावरून ढकलले.' मुलांच्या बेशिस्तीवरचं माझं संशोधन वर्षभर त्याच शाळेत चालू आहे, तेव्हा तो वाचला.

सगळ्या नोंदी मी शाळेच्या नकाशावर मांडल्या. धक्काबुक्कीच्या दर दहांतल्या सात नोंदी जिन्याच्या एकाच वळणावरच्या, दुपारच्या घंटेनंतर तीन मिनिटांतल्या निघाल्या. त्या एका घंटेला वरचे वर्ग मैदानावर जायला उतरतात आणि खालचे प्रयोगशाळेत जायला चढतात.

"मुलंच बिघडलीत, त्यात घंटेचा काय दोष?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"वरच्यांना चार मिनिटं उशिरा सोडा, बाई. एक सहामाही बघू."

काल निकाल मांडला. आधीच्या सहामाहीत त्या वळणावरच्या चौऱ्याऐंशी नोंदी होत्या, या सहामाहीत अकरा. मुलं तीच. बाईंनी आकडे दोनदा तपासले. मग त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं, तुझा शेरा स्वतःच्या हातानं खोडला आणि शेजारी सही केली. दादा, जिंकलो आपण!

एक गोष्ट अहवालात नाही. ती मुलगी पडली त्या दिवशी, त्याच वळणावर, मागून तुझ्या पाठीवर आदळली ती मी होते. तू वळून पाहिलंस, तरी कुणाला सांगितलं नाहीस, आणि मी मूग गिळून बसले. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी येते आणि तुझ्यासमोर उभी राहून सांगते.

तुझ्या मागच्या पायरीवरची,
छोटी