सर्बियाचे बारा झेंडे

सालोनिका, १० मे १९१३

ती. स्टेलिओसदादास,
एवांथियाचा सा. न. आधीच सांगते, शुद्धलेखन माफ कर, शाळा तिसरीतच सुटली. त्यात हे पत्र दुकानातल्या अनेस्टिस शिंपीमास्तरांच्या बिलांच्या टाइपरायटरवर एका बोटाने बडवतेय, सकाळपासून एवढंच झालंय. हसू नकोस.

बातमी ऐक! आमच्या शिवणाच्या दुकानाला सर्बियाचे बारा झेंडे शिवायचं काम आलंय. त्यांचे अधिकारी येणार. आपल्या ग्रीक राजाचा नि त्यांच्या राजाचा करार व्हायचाय म्हणे, एकावर कोणी चालून आलं तर दुसऱ्याने फौज घेऊन धावायचं. गुपित आहे, म्हणजे सगळ्या मासळीवाल्यांना माहीत आहे. मग टेकडीवर बल्गारियाच्या फौजेसमोर तुम्ही शिपाई एकटे नाही ना राहणार?

मास्तर म्हणाले, झेंड्यांनी नाव राखलं तर तुला शिलाई मशीनवर बसवतो, नाहीतर जा मामीकडे गावी तंबाखूची पानं ओवायला.

माया आहे तेवढी राहू दे, जमलं तर वाढव.
एवा

टेकडीवरून, १४ मे

चि. एवास पोटभर आशीर्वाद.
एवाबाई, राजांच्या कारभारात पडलात! तुझं पत्र तंबूत वाचून दाखवलं, पोरांनी टोप्या उडवल्या. गेल्या वर्षी तुर्कांविरुद्ध सोबत लढलेले दोस्त बल्गार आता आमच्यावरच तोफा रोखून बसलेत. सर्ब सोबत आले तर निदान झोप लागेल.

आणि जरा तोंड उघडत जा गं. पाव मागायलाही तू मला पुढे करायचीस. मास्तर खात नाहीत.

आईबाबांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाक.
दादा

सालोनिका, १९ मे

ती. दादास सा. न.
आजचं ऐक! सकाळी शिपायांनी झेंडे समोरच्या हॉटेलवर टांगले. मी दुकानातून बघते तर बाराच्या बारा उलटे! लाल वर हवा, तर पांढरा वर. तो तर थेट रशियाचा झेंडा झाला! पाहुण्यांच्या गाड्या निघालेल्या. मास्तर म्हणाले, गप्प बस, टांगले आपण नाहीत. पण शिवले आपणच ना? आणि तुमच्या मदतीला येणारी माणसं दारातूनच रुसून गेली तर?

मी पळाले. शिडीवरच्या सार्जंटला ओरडून सांगितलं, काका, उलटे आहेत! तो म्हणाला, पोरी, मी काय आज जन्मलो? मग मी शिडीच गदागदा हलवली. तो शिव्या देत उतरला, वर बघितलं, नि गार. मग सहा शिपाई, मी आणि चक्क मास्तर, सगळे हॉटेलच्या सज्ज्यांवर चढलो. शेवटचा झेंडा सरळ झाला नि पहिली गाडी थांबली. एका मिशाळ सर्ब अधिकाऱ्याने वर पाहून कडक सलाम ठोकला!

करारावर सह्या झाल्या म्हणतात, दादा. संध्याकाळी मास्तरांनी मशीनवरचं फडकं काढलं नि एवढंच म्हणाले, बस.

बसले!

आता तुम्ही एकटे नाही. जपून राहा, नि या शिडी हलवणाऱ्या बहिणीवर माया असू दे.
एवा

अरे हो, आपल्या माळ्यावर मधमाश्यांनी पोळं धरलंय. बाबा तीन दिवस अंगणात झोपतायत.