गोठ्याकडची तार

हिंगणी, रविवार, वैशाख १९८३

आज पुन्हा हॅम रेडिओच्या खांबावर चढलो. चाळीस फूट. वर अँटेनाचा बोल्ट गंजलेला, खाली गुडघे कुरकुरतात. घरबसल्या बिनतारी यंत्रावर दूरदूरच्या लोकांशी बोलायचा हा छंद कशाला लावून घेतला, कोण जाणे.

खांबाला चार बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा आहेत. त्यातली एक गोठ्याजवळच्या खुंट्याला. आमचा म्हातारा बैल हरण्या रोज तिच्यावर मान घासायचा. दर आठवड्याला तार ढिली, खांब कललेला, आणि मी पाना घेऊन हजर. किती शिव्या दिल्या असतील त्याला. गेल्या महिन्यात तो मेला. तेव्हापासून तार जशी कसली तशीच आहे.

उतरलो तर बाबा त्याच तारेवर हात ठेवून उभे.

"ढिली झाली वाटते. कसून घेजो," म्हणाले.

ढिली नव्हती. त्यांना कळत नसेल? चाळीस वर्षं दोरखंड बांधलेत त्यांनी.

"हो बाबा, कसतो," म्हणालो. आधी जरा सैल केली, मग सावकाश कसत बसलो. तोवर ते तिथंच उभे होते, तारेच्या पिळात अडकलेले हरण्याचे पांढरे केस बोटांनी सोडवत.